ईएमजीवरून स्नायूचा थकवा ओळखताना या चुका टाळा

सुई न टोचता, त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडनी स्नायूतले विद्युत संकेत टिपता येतात, ही सरफेस ईएमजीची (इलेक्ट्रोमायोग्राफीची) मोठी सोय. पण आलेख उंचावला की ‘स्नायू थकला’ म्हणून मोकळं होणं ही इथली सर्रास होणारी चूक. वजन वाढवलं तरी आलेख उंचावतोच, कारण जास्त मोटर युनिट (एक चेतापेशी आणि ती चालवते ते स्नायुतंतू) कामाला लागतात. थकव्याची खूण जोडीनं येते: भार तोच असताना संकेताची उंची वाढते आणि मध्यक वारंवारता (जिच्या खाली आणि वर संकेताची निम्मी-निम्मी ऊर्जा असते ती) खाली सरकते. दोन्ही वाढल्या तर बहुधा जोर वाढलाय, दोन्ही उतरल्या तर जोर कमी झालाय.

वारंवारता उतरते, कारण स्नायुतंतूंवरून साधारण सेकंदाला 4 मीटर वेगानं धावणारा संकेत मंदावतो. तंतूंबाहेर पोटॅशियम साचतं, आत आम्लता वाढते. मात्र गार स्नायूतही हा वेग कमीच असतो. म्हणून वॉर्मअपआधी पहिली नोंद घेऊ नका. पुढे स्नायू तापून वारंवारता वर जाते आणि खरा थकवा त्याखाली झाकला जातो.

इलेक्ट्रोडच्या जागेबद्दल मी हट्टी आहे. दोन इलेक्ट्रोडमध्ये 20 मिलिमीटर अंतर ठेवा आणि ते तंतूंच्या दिशेनं लावा. मज्जातंतू स्नायूला जिथे मिळतो तो पट्टा आणि स्नायूचं टोक, या दोन्हींच्या मधली जागा निवडा. त्या पट्ट्यावरच लावले तर उंची कमी आणि वारंवारता खोटी जास्त दिसते. दुसऱ्या दिवशी तीच जागा सापडावी म्हणून पेनानं खूण करा.

केस काढा, त्वचा स्पिरिटनं पुसा. विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची घरघर आली की लगेच नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळून टाकणारा) लावायचा मोह होतो. पण स्नायूचा बराचसा खरा संकेतही 50 ते 150 हर्ट्झमध्येच असतो. आधी सैल वायर, वाळलेलं जेल आणि हाडावरचा रेफरन्स (तुलनेसाठी लावलेला) इलेक्ट्रोड तपासा.

उपकरण सेकंदाला किमान 1000 नोंदी घेतं ना, हे विकत घेण्याआधी पाहा. 200 नोंदी घेणाऱ्या उपकरणात 100 हर्ट्झच्या वरचं काहीच नीट उतरत नाही, मग वारंवारतेवरून थकवा सांगणार कसा?

स्क्वॉटसारख्या हालचालीत त्वचेखाली स्नायू सरकतो, त्यामुळे सबंध सेटची सरासरी काढून उपयोग नाही. प्रत्येक रेपमध्ये गुडघ्याचा तोच कोन आणि तोच वेग असलेला तुकडा घ्या. किंवा सोपं म्हणजे, सेटआधी आणि सेटनंतर तोच भार काही सेकंद स्थिर धरून मोजा.

आणि विश्रांतीनंतर वारंवारता काही मिनिटांतच मूळ पातळीवर आली, म्हणून लगेच जड वजन उचलायला लावू नका. जोर परत यायला कधी कधी कित्येक तास लागतात, तो वेगळा मोजा.