रुगर अमेरिकन रिमफायरचा चाप हलका करताना

रुगर अमेरिकन रिमफायर या माफक किमतीच्या ०.२२ रायफलचा चाप अनेकांना जड वाटतो. मात्र तो ओढायला लागणारा जोर ३ ते ५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे १.४ ते २.३ किलोंच्या मर्यादेत बदलण्याची सोय कंपनीनेच दिलेली आहे. प्रथम मॅगझिन काढून बोल्ट उघडावा आणि काडतुसाचा कक्ष रिकामा असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. त्यानंतर दस्त्याचे स्क्रू सोडवून बंदुकीचा धातूचा भाग वेगळा करावा. चापाच्या घराच्या पुढच्या बाजूस असलेला स्क्रू ॲलन कीने थोडा थोडा सैल करत जावे आणि प्रत्येक वेळी ताणकाट्याने वजन मोजावे, कारण बोटाचा अंदाज हमखास फसतो.

चापाच्या आतील अडकणीला, म्हणजे चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन रोखून धरणाऱ्या भागाला, कानस किंवा पॉलिश पेपर लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. तिचा कोन किंचित बिघडला तरी बंदूक धक्क्याने आपोआप सुटू शकते. जोडणी झाल्यावर रिकाम्याच बंदुकीचा बोल्ट जोराने लावून आणि दस्त्यावर रबरी हातोडीने ठोकून चाप सुटत नाही ना, हे पाहावे. सुटल्यास स्क्रू पुन्हा आवळावा आणि तरीही सुटत असल्यास ती जाणकार कारागिराकडे द्यावी.