मेल सपोर्टला नव्याने लागलेल्यांसाठी

आमच्या टीममध्ये नवीन येणारी मुलं किती स्पॅम अडवला यावर स्वतःचं काम मोजतात. मला ते पटत नाही. जाहिरातीचा मेल आत आला तर माणूस तो डिलीट करून मोकळा होतो. कामाचा मेल अडकला तर मात्र कुणाला पत्ताही लागत नाही.

मी पुण्यात एका कारखान्याच्या आयटी विभागात मेल सांभाळते. भोसरीतल्या एका वर्कशॉपची बिलं आमच्या अकाउंट्सला मिळत नव्हती. मालक पोटतिडकीने सांगत होते, "मॅडम, मी पाठवलंय, सेंटमध्ये दिसतंय." अकाउंट्सचं म्हणणं, आलंच नाही. अशा वेळी कुणीतरी खोटं बोलतंय असं धरून चालू नका, बहुतेकदा दोघंही खरं बोलत असतात. आपल्या सर्व्हरने '२५०' हा कोड दिला की मेल स्वीकारला गेला आणि पाठवणाऱ्याचं काम संपलं. त्यानंतर आतल्या फिल्टरने तो क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल अडवून ठेवायच्या जागी, टाकला, तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. '५५०' आला असता तर निदान मेल बाउन्स होऊन परत गेला असता. कोड ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, समोरचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो.

मेसेज ट्रेस (मेल कुठे गेला याची सर्व्हरवरची नोंद) काढला, तर बिलं क्वारंटाइनमध्ये पडून होती. हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीत, एसपीएफच्या पुढे 'पर्मएरर' (नोंदीतच चूक) लिहिलेलं. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. वर्कशॉपने नवीन बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते त्यांच्या डोमेनच्या नावाने स्वतःच मेल पाठवत होतं. त्यासाठी त्यांच्या वेबसाइटवाल्याने डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) जुनी एसपीएफ नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी टाकली होती. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन सापडल्या की तपासणीच बाद होते. दोन्ही मिळून एक ओळ केली आणि बिलं यायला लागली. त्या एका ओळीत दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप लागले तरी हाच एरर येतो, तेही लक्षात असू द्या.

अशा वेळी अकाउंट्सवाले हमखास म्हणतात, "त्यांचं डोमेन व्हाइटलिस्ट करून टाका ना." म्हणजे त्यांचे मेल न तपासता आत सोडा. तसं करू नका. उद्या त्याच डोमेनच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथे भरा' असा बनावट मेल आला, तर तोही बिनबोभाट आत येईल. पुरवठादाराकडून नोंद दुरुस्त करून घ्यायला चार फोन जास्त लागतात, पण ते करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने एसपीएफ, डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी डोमेनची नोंद) तिन्ही सक्तीचे केले आहेत. त्यामुळे हे तिन्ही शिकणं कामाला येतंच.

भलत्याच माणसाला गेलेला मेल हे निराळं प्रकरण. 'अमोल' टाइप केलं की आउटलुक आधी वापरलेले पत्ते सुचवतं. त्यात आपला अमोल असतो आणि ग्राहक कंपनीतलाही. घाईत पगाराची शीट बाहेर जाते आणि मग घाबरलेला फोन येतो, "रिकॉल करा!" आउटलुकचं रिकॉल आपल्याच कंपनीच्या मेलबॉक्सपुरतं चालतं, बाहेर गेलेला मेल त्याने परत येत नाही. फाइल जोडण्याऐवजी वनड्राइव्हची लिंक पाठवली असेल, तर सगळ्यात आधी तिचा ॲक्सेस काढा. अटॅचमेंट असेल तर पाठवणाऱ्याला समोरच्याला थेट फोन करायला सांगा, डिलीट केल्याचं लेखी उत्तर मागवा आणि त्याच वेळी सिक्युरिटी टीमला कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी गळती डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती गेली त्यांना कळवण्याची तरतूद आहे. ते कंपनी ठरवेल, आपण माहिती दडवायची नाही. आणि फोन करणाऱ्याला झापू नका. एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही, आणि तेव्हा आपल्याला उशिरा कळतं.

पत्त्यातलं एक अक्षर गळलं तर काय होतं, ते अमेरिकी सैन्याने पाहिलं आहे. त्यांचं डोमेन 'डॉट एमआयएल', माली देशाचं 'डॉट एमएल'. वैद्यकीय कागद, अधिकाऱ्यांच्या प्रवासाचे तपशील असे मेल वर्षानुवर्षं मालीच्या डोमेनकडे जात होते, हे जुलै २०२३ मध्ये जगासमोर आलं. सैन्याच्या स्वतःच्या खात्यांवरून तिकडे मेल जाणं बंद केलेलं होतं, पण खाजगी खाती आणि ट्रॅव्हल एजंट यांना ते कसं अडवणार? म्हणून आपल्या कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती दोन-चार डोमेन विकत घेऊन ठेवायचा आग्रह मी व्यवस्थापनाकडे धरते. खर्च फारसा नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक करा. ऑफिसच्या खात्यावरून स्वतःच्या जीमेलला मेल पाठवा, कॉम्प्युटरवर तो उघडून 'शो ओरिजिनल' दाबा. वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांचे निकाल दिसतील. खाली 'रिसीव्हड'च्या ओळी असतील, त्या तळापासून वर वाचत या. मेल कुठल्या सर्व्हरवरून कुठे आणि किती वाजता पोचला, ते ओळीओळीने सापडेल. मग तोच मेल दुसऱ्या खात्याला फॉरवर्ड करून पुन्हा हेडर बघा आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा.