वनस्पतींतील फिनॉलं मूत्रमार्गाच्या जिवाणूंवर तपासताना: कंट्रोल आधी, निष्कर्ष मग

प्रोजेक्टच्या दिवसांत माझ्या टेबलावर वह्यांचा ढीग पडतो आणि बहुतेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘अर्काने ई. कोलायची वाढ रोखली.’ ते वाचलं की मी अभिनंदन करत नाही, पान उलटून कंट्रोल (तुलनेसाठी शेजारी लावलेली चाचणी) शोधते. वनस्पतींतली फिनॉलिक संयुगं (टॅनिन त्यांतलेच) ही चाचणीला फसवण्यात पटाईत असतात. ती आम्लधर्मी असतात, लोह धरून ठेवतात, प्रथिनांना चिकटतात, हवेशी संयोग पावून काळी पडतात आणि समोर येईल त्या रंगद्रव्याचं क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात. यातला प्रत्येक गुण ‘जिवाणूनाशक’ असल्याचा आभास निर्माण करू शकतो. त्यामुळे खाली अर्क काढण्यावर थोडं आणि कंट्रोलवर बरंच लिहिलं आहे.

आधी जिवाणू ठरवा. गुंतागुंत नसलेल्या मूत्रमार्ग संसर्गात साधारण तीन चतुर्थांश वेळा दोषी ई. कोलाय असतो. उरलेल्यांत क्लेबसिएला न्यूमोनिए, प्रोटियस मिराबिलिस, एन्टेरोकॉकस फीकॅलिस आणि स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफिटिकस ही नावं येतात. एक प्रमाणित स्ट्रेन (जिवाणूचा ठरावीक वाण) हवाच. ई. कोलायसाठी एटीसीसी या जिवाणू-संग्रहातली २५९२२ घ्या, कारण तिच्यावर नेहमीच्या प्रतिजैविकांचे आकडे किती यायला हवेत हे ठरलेलं आहे. रुग्णांकडून आलेले स्ट्रेन परवानगीनेच घ्यायचे आणि काम जैवसुरक्षा पातळी २ च्या प्रयोगशाळेत करायचं. घरच्या ओट्यावर हे करू नका. प्रोटियस घेतलात तर तो साध्या आगरवर लाटेसारखा पसरून शेजारच्या वसाहती झाकून टाकतो. मोजणीसाठी मॅकॉन्की किंवा सीएलईडी हे आगर वापरा, त्यांवर तो असा पसरत नाही.

अर्काचं काम तसं सरळ आहे. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून नमुना जपून ठेवा. ४० अंशांच्या आत वाळवा, दळा, ७० टक्के मिथेनॉल किंवा ॲसिटोनमध्ये भिजवा (टॅनिन जास्त असतील तर ॲसिटोन बरं), गाळा, रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी तापमानाला द्रावक उडवा आणि कोरडी पूड गडद बाटलीत उणे २० वर ठेवा. अर्क ऑटोक्लेव्ह करायचा नाही. एकूण फिनॉल मोजायला फोलिन-सिओकाल्टो पद्धत आहे: गॅलिक आम्लाचं मानक, सोडियम कार्बोनेट, ७६५ नॅनोमीटरला वाचन. पण हा अभिकर्मक मुळात क्षपणक्षमता मोजतो. क जीवनसत्त्वही त्यात धरलं जातं, क्षपणकारी शर्कराही. म्हणून उत्तर ‘गॅलिक आम्ल समतुल्य’ असंच लिहा. कोणतं फिनॉल आहे हे कळायला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं तंत्र) लागते.

आता प्लेट. आगरवर अर्कात भिजवलेली कागदी डिस्क ठेवून भोवतीचं जिवाणू न वाढलेलं वलय मोजण्याचा मोह टाळा. मोठे टॅनिन रेणू आगरमधून नीट सरकतच नाहीत, त्यामुळे छोटं वलय म्हणजे कमी परिणाम असा अर्थ निघत नाही. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये, द्रव माध्यमात किमान रोधक संहती म्हणजे एमआयसी काढा: वाढ थांबवणारी सर्वांत कमी संहती.

पूड डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर अशी विरघळवा. म्यूलर-हिंटन ब्रॉथ या द्रव माध्यमात (कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला) ती ५० पट पातळ केली की २ मिलिग्रॅम आणि डीएमएसओ २ टक्के झालं. पहिल्या वेलमध्ये याचे २०० मायक्रोलिटर, पुढच्या प्रत्येकात २ टक्के डीएमएसओ असलेल्या ब्रॉथचे १०० मायक्रोलिटर. मग एकातून १०० उचलायचे, पुढच्यात टाकायचे, पिपेटने चार-पाचदा वरखाली करायचे आणि पुढे जायचं. शेवटच्यातून १०० फेकून द्यायचे. वर तितकंच इनॉक्युलम (पेरायचं जिवाणूंचं द्रावण) पडलं की सगळं निम्मं होतं: पहिल्या वेलमध्ये १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, मग ५००, २५०, आणि सगळीकडे डीएमएसओ १ टक्का.

इनॉक्युलम ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाला जुळवा; ते मिलीलिटरला साधारण १५ कोटी पेशी धरतं. १५० पट पातळ केलं की १० लाख, वेलमध्ये पडल्यावर ५ लाख. हे खरंच तसं झालं का, ते तपासायचं असतं. वाढीच्या कंट्रोल वेलमधून लावल्या लावल्या १० मायक्रोलिटर घ्या, १० मिलीलिटर सलाइनमध्ये मिसळा, त्यातले १०० मायक्रोलिटर आगरवर पसरवा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती दिसल्या तर इनॉक्युलम बरोबर. पाच दिसल्या तर तुमचा सुंदर एमआयसी कचऱ्यात टाका, कारण जिवाणूच पुरेसे नव्हते. प्लेट झाकून ३५ अंशांना १६ ते २० तास.

शेजारी जेन्टामायसिन या प्रतिजैविकाची एक ओळ लावा. २५९२२ वर तिचा एमआयसी ०.२५ ते १ मायक्रोग्रॅममध्ये यायला हवा. तो आला नाही तर अर्काची ओळ वाचूच नका.

खरी मारामारी यापुढे आहे.

रंगापासून सुरुवात. अर्क तपकिरी, त्यात टॅनिन ब्रॉथमधल्या प्रथिनांना धरून गढूळपणा आणतात. नुसत्या डोळ्यांनी किंवा ६०० नॅनोमीटरला वाचलेली वाढ खोटी निघू शकते. म्हणून प्रत्येक संहतीसाठी जिवाणूशिवायचा वेल हवा. एकच ‘ब्लँक’ पुरत नाही. रंगद्रव्य घालून वाचायचं ठरवलंत तर जिवंत पेशींनी क्षपित केल्यावर रंग धरणारी एमटीटीसारखी टेट्राझोलियम संयुगं फिनॉलंच क्षपित करतात. जिवाणू नसलेला वेलही रंग धरतो आणि जिवंतपणाचा पुरावा म्हणून जे पाहत होतो तेच संपतं. मी शेवटी भरवसा ठेवते तो आगरवर: प्रत्येक वेलमधून १० मायक्रोलिटरचा थेंब, अर्क नसलेल्या आगरवर. सुरुवातीचे ५ लाख ९९.९ टक्के मेले तर मिलीलिटरला ५०० उरतात, म्हणजे थेंबात पाच वसाहती. पाच किंवा कमी दिसल्या तर मारलं म्हणा, भरपूर दिसल्या तर फक्त रोखलं.

दुसरं, पीएच. गॅलिक आम्ल हे आम्लच आहे. १ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर म्हणजे जवळजवळ ६ मिलिमोलर. म्यूलर-हिंटनची बफर क्षमता फार नाही. सर्वांत दाट वेलइतक्या संहतीचं माध्यम वेगळं बनवून पीएच मोजा. तो ७.३ च्या आसपासून खाली घसरला असेल तर तेवढ्याच पीएचचा, आम्ल घातलेला पण अर्क नसलेला ब्रॉथ लावा आणि अर्काचं द्रावण उदासीन करून पुन्हा चालवा. उदासीन केल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तुम्ही आम्लता मोजत होतात.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि तेच सगळ्यांत कमी वेळा केलेलं दिसतं. गॅलिक आम्ल किंवा चहातलं ईजीसीजी हे फिनॉल प्राणवायू असलेल्या माध्यमात आपोआप ऑक्सिडाइझ होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. मग जिवाणूंवर हल्ला फिनॉल करत नाही, माध्यमात बनलेलं पेरॉक्साइड करतं, आणि मूत्राशयात तसं घडेलच असं नाही. उपाय सोपा आहे: एक ओळ कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घालून लावा. एमआयसी चारपट किंवा जास्त चढला तर कारण पेरॉक्साइड.

लोहाचंही तसंच. शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल असलेली फिनॉलं लोह घट्ट पकडतात. फेरिक क्षार घातल्यावर द्रावण निळं-काळं होतं ते त्यामुळेच. जादा लोह घालून वाढ परत आली तर जिवाणू उपाशी होते. हा निष्कर्ष वाईट नाही, उलट मूत्रमार्गात लोहाची चणचणच असते. फक्त तो त्याच नावाने लिहायचा. आणि टॅनिनचा वाटा किती हे पाहायला पीव्हीपीपी ही न विरघळणारी पॉलिमर पूड आहे: अर्क त्यावरून नेला की बरेचसे टॅनिन त्याला चिकटून राहतात. आधी आणि नंतर, दोन्ही एमआयसी काढा.

आकड्यांचा अर्थ लावताना हात आखडता ठेवा. दुप्पट पायऱ्यांच्या पद्धतीत एका पायरीचा फरक हा फरक नव्हे. ५०० आणि २५० वरून दोन अर्कांत स्पर्धा लावू नका. वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा करा. अर्काचा एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर मी खुर्ची पुढे ओढते. १००० च्या वर असेल तर ‘परिणाम नाही’ लिहायला सांगते. ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाह्य पटल आणि ॲक्रएबी-टोलसीसारखे बाहेर फेकणारे पंप यांमुळे ई. कोलायवर आकडे बहुधा मोठेच येतात. तेव्हा प्रतिजैविकासोबत चेकरबोर्ड (एकाच प्लेटवर दोघांच्या वेगवेगळ्या संहतींच्या जोड्या) लावून पाहा. एफआयसी निर्देशांक (प्रत्येकाचा जोडीतला एमआयसी भागिले एकट्याचा एमआयसी, दोन्हींची बेरीज) ०.५ किंवा कमी असेल तरच सहकार्य म्हणायचं, ०.८ ला ‘थोडं सहकार्य’ असं काही नसतं.

मारणं हा एकच मार्गही नाही. ई. कोलाय मूत्राशयाच्या पेशींना त्याच्या टाइप १ फिंब्रियांच्या (केसासारख्या तंतूंच्या) फिमएच नावाच्या टोकाने, तिथल्या मॅनोज या शर्करेला धरून चिकटतो. क्रॅनबेरीतली ए-प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स (एक प्रकारचे टॅनिन) प्रयोगशाळेत पी-फिंब्रिया या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंचं चिकटणं अडवतात, जिवाणू जिवंतच राहतात. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१२ चा आढावा क्रॅनबेरीबाबत निरुत्साही होता. २०२३ च्या आढाव्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रिया आणि मुलांमध्ये धोका कमी झाल्याचं दिसलं, वृद्धाश्रमातल्या वृद्धांत आणि गरोदर स्त्रियांत नाही. दोन्ही आढावे प्रतिबंधाबद्दल आहेत. ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, लघवीत रक्त यांवर अर्क पिऊन थांबू नये, डॉक्टरकडे जावं.

चिकटणं पाहायची स्वस्त चाचणी यीस्टची. ई. कोलाय न हलवता ब्रॉथमध्ये ३७ अंशांना ४८ तास वाढवा, म्हणजे टाइप १ फिंब्रिया भरपूर येतात. काचपट्टीवर यीस्टच्या निलंबनात एक थेंब मिसळून हळू फिरवा. मिनिटाभरात पांढरे कण दिसू लागतात. मॅनोज घातलं की ते थांबतं, हा कंट्रोल. अर्क घालून थांबलं तर पुढे जाण्यात अर्थ आहे. मात्र टॅनिन स्वतःच यीस्टचे गोळे करतात, म्हणून जिवाणूशिवाय अर्क आणि यीस्टची पट्टी आधी लावा.

जमलं तर शेवटचा एमआयसी कृत्रिम मूत्रात, पीएच ५.५ आणि ७ अशा दोन्ही ठिकाणी काढा. आणि कोणता रेणू लावताय याचा विचार करा. खाल्लेलं क्वेरसेटिन हे फिनॉल मूत्रात बहुतांशी ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट (शरीराने जोड लावून बदललेली रूपं) होऊन उतरतं. एलॅजिटॅनिन या टॅनिनांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचे छोटे रेणू करतात. बेअरबेरी या झुडपातल्या आर्ब्युटिनपासून हायड्रोक्विनोनची अशीच जोड लावलेली रूपं (संयुग्मं) बनतात. मूळ अर्काचा ५०० चा आकडा आला असेल तर पुढची प्लेट याच रेणूंची लावा.