जुनी कूपे आणि नवी आलिशान सेडान: तुलना कशी करावी

जर्मनीच्या सेकंडहँड बाजारात २००० ते २००६ या काळात बनलेली बीएमडब्ल्यूची ३३० सीआय ही दोन दारांची कूपे आणि २०१९ नंतरची ३३० आय ही चार दारांची सेडान या दोन्ही गाड्या पाहायला मिळतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला त्यांतून एक निवडायची असेल, तर माहितीपत्रकातले आकडे शेजारी शेजारी मांडून भागत नाही.

आकडे नव्या गाडीच्या बाजूने आहेत. कूपेच्या ३ लिटरच्या, टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे यंत्र) नसलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद २३१ अश्वशक्ती आहे, तर २०१९ च्या सेडानमधले २ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन २५८ अश्वशक्ती देते. सेडानचा ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच हाताशी येतो. कूपेचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क मिळवण्यासाठी इंजिन साडेतीन हजारांपर्यंत न्यावे लागते. पण चालवण्याचा अनुभव आकड्यांतून कळत नाही, म्हणून दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच चढाच्या आणि वळणांच्या रस्त्यावर चालवाव्यात. कूपेचे स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे रस्त्याचा खडबडीतपणा तळहातांपर्यंत पोहोचतो. सेडानच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये अचूकता आहे, पण ही जाणीव कमी आहे. केवळ चालवण्याच्या आनंदासाठी मी कूपेलाच झुकते माप देईन.

मात्र कूपेच्या बाबतीत मॉडेलपेक्षा समोर उभ्या असलेल्या गाडीची प्रकृती महत्त्वाची असते. बॉनेट उघडून कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्लॅस्टिक टाकीचा सांधा टॉर्चच्या उजेडात पाहावा. तिथे सुकलेल्या कूलंटचे पांढुरके डाग दिसले, तर टाकी, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि होज हे सगळे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा, कारण इंजिन एकदा तापले की नुकसान सिलिंडर हेडपर्यंत जाऊ शकते. त्यानंतर गाडी लिफ्टवर घ्यायला सांगावी. मागच्या ॲक्सलची सबफ्रेम (ॲक्सल धरून ठेवणारा सांगाडा) बॉडीला ज्या चार ठिकाणी बसवलेली असते, तिथला पत्रा चिरण्याची या मालिकेची ख्याती आहे. त्या जागी नुकतेच लावलेले जाड काळे अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला दिलेला संरक्षक लेप) दिसल्यास अधिक बारकाईने पाहावे आणि ते कशासाठी लावले, हे मालकाला स्पष्ट विचारावे. तपासणी नाकारणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलू नये.

सेडानमध्ये सर्व्हिसचा इतिहास, उरलेली वॉरंटी आणि सॉफ्टवेअरची स्थिती पाहावी. चालकसाहाय्य यंत्रणेचे कॅमेरे आणि सेन्सर अपघातानंतर नीट कॅलिब्रेट केले आहेत का, म्हणजे अचूक मोजमापासाठी पुन्हा जुळवले आहेत का, याचा कागद मागावा.

घरात लहान मुले किंवा वयस्कर आई-वडील असतील, तर निर्णय लवकर होतो. दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर मुलाला बसवताना दरवेळी पुढची सीट सरकवावी लागते, आणि सुरक्षेच्या बाबतीत वीस वर्षांचे अंतर आहे; सेडानला २०१९ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरोपीय संस्थेचे पाच तारे मिळाले आहेत. एकच गाडी ठेवायची असेल तर ती सेडानच असावी.

भारतात परतताना गाडी सोबत नेण्याचा विचार मात्र हिशेबात धरू नये. वापरलेल्या गाडीच्या आयातीसाठी तीन वर्षांच्या आतले वय आणि उजव्या बाजूचे स्टिअरिंग या अटी असल्यामुळे जर्मनीत घेतलेली यांपैकी कोणतीही गाडी अखेरीस तिथेच विकावी लागेल, आणि म्हणून पुनर्विक्रीची किंमतही खरेदीपूर्वीच पाहून ठेवावी.