आधी अंगठा सोडवला, मग मोझार्ट

मोझार्टचा पियानोसाठीचा सी मेजर सोनाटा, के. ५४५ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक; साल १७८८), दिसायला सोपा. पण पाचव्या बारपासून (मात्रांच्या पाचव्या गटापासून) उजव्या हाताला सेमीक्वेव्हरच्या, म्हणजे पाव मात्रेच्या नोटांच्या, स्केल्स (ओळीने चढत-उतरत जाणारे सूर) लागतात, आणि तिथे माझ्या अंगठ्याची नोट दर वेळी ठक्क वाजायची. वेग वाढवला की कोपर बाहेर जायचं, मनगट आखडायचं.

गंगापूर रोडच्या आमच्या सरांनी सोनाटा बंद करून बी मेजर स्केल दिली. संगीतकार शोपँही शिष्यांना तीच आधी द्यायचा. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर पडतात, त्यामुळे खालून अंगठ्याला वाट मोकळी मिळते. सी मेजरमध्ये ती सोय नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

मी फक्त सी शार्प, डी शार्प, ई एवढंच घोटलं. दुसरं बोट (तर्जनी; अंगठा पहिला) वाजलं की अंगठा बोटांखालून आत सरकायला लागतो आणि तिसरं वाजेपर्यंत ई वर जाऊन थांबतो. मेट्रोनोम (लय धरणारं टिकटिक यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टिका, एका टिकेला एक नोट. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, पुढचं येत नाही का तुला?"

हे वेटेड, म्हणजे पियानोसारख्या जड, पट्ट्यांवरच करा. हलक्या कीबोर्डवर अंगठ्याचा धक्का लपून जातो. (पावसाळ्यात क्लासच्या अपराइट पियानोच्या पट्ट्या दमटपणाने अडकतात, तेव्हा दोष स्वतःला देऊ नका.)

ठक्क गेली. डाव्या हाताच्या अल्बर्टी बेसमध्ये (कॉर्डच्या नोटा सुट्या करून खाली-वर-मध्ये-वर अशा वाजवणं) मात्र मनगट अजून आखडतं. सध्या तिथे बोटं न उचलता हात कोपरापासून हलकेच फिरवून बघतोय.