पटकथेतील दृश्यशीर्षक: ‘इंट.’ कोठे आणि ‘एक्स्ट.’ कोठे?

पटकथेतील प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर एक ओळ असते आणि तीत तीनच गोष्टी सांगितलेल्या असतात: दृश्य आत घडते की बाहेर, नेमके कोणत्या जागी घडते, आणि दिवसा घडते की रात्री. ‘इंट. वाचनालय – दिवस’ किंवा ‘एक्स्ट. नदीकाठ – रात्र’ अशी ही ओळ लिहिली जाते. ‘इंट.’ म्हणजे इंटिरिअर, अर्थात अंतर्दृश्य, आणि ‘एक्स्ट.’ म्हणजे एक्स्टिरिअर, अर्थात बाह्यदृश्य. नियम इतका साधा असूनही उंबरठा, खिडकी, गॅलरी किंवा धावती मोटार आली की नवा लेखक अडखळतो, कारण दृश्यशीर्षक हे जागेचे वर्णन आहे असे तो धरून चालतो. माझ्या मते ती आधी कामाची सूचना आहे, आणि ती कोण वाचणार आहे हे ध्यानात घेतले की बहुतेक पेच सुटतात.

ही ओळ सर्वांत बारकाईने वाचतो तो सहायक दिग्दर्शक. चित्रीकरणाचे वेळापत्रक आखताना तो सगळी दृश्ये कथेच्या क्रमातून सोडवून घेतो आणि जागा व प्रकाश यांनुसार त्यांची नव्याने जुळणी करतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या (प्रत्येक दृश्याची एक पट्टी) रूढ पद्धतीत दिवसाच्या अंतर्दृश्याला पांढरा, दिवसाच्या बाह्यदृश्याला पिवळा, रात्रीच्या अंतर्दृश्याला निळा आणि रात्रीच्या बाह्यदृश्याला हिरवा रंग देतात. म्हणजे लेखकाने लिहिलेल्या दोन शब्दांवरून पट्टीचा रंग ठरतो, आणि त्या रंगावरून पुढे दिवे किती लागतील, ध्वनिमुद्रकाला कोणत्या आवाजांशी झगडावे लागेल आणि पावसाची चिंता करायची की नाही हे ठरते. बाहेरचे काम पावसाने अडले तर हाती असावीत म्हणून काही अंतर्दृश्ये राखून ठेवण्याची पद्धत आहे. ज्या दृश्यावर ‘इंट.’ लिहिले आहे पण जे प्रत्यक्षात उघड्या अंगणात घडते, ते अशा वेळी काहीच उपयोगाचे नसते.

त्यामुळे शंका आली की स्वतःला पहिला प्रश्न असा विचारावा: कथेतील या जागी ऊन, वारा आणि पाऊस थेट पोहोचतो का? पोहोचत असेल तर ‘एक्स्ट.’, नसेल तर ‘इंट.’. या कसोटीवर गच्ची, स्टेडियम, मोकळे अंगण, पुलाखालचा रस्ता आणि जहाजाचा डेक ही बाह्यदृश्ये ठरतात, तर तंबू, गुहा, लिफ्ट, तळघरातील वाहनतळ आणि जहाजाची केबिन ही अंतर्दृश्ये ठरतात. छप्पर असूनही दोन्ही बाजूंनी उघडा असलेला रेल्वे फलाट मी ‘एक्स्ट.’ लिहितो, परंतु त्याच स्थानकातील तिकीटघर ‘इंट.’ असते. उघडी गॅलरी बाहेरची, काचा लावून बंद केलेली आतली. कोरड्या विहिरीच्या तळासारख्या जागेबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येते, कारण वर आभाळ असते आणि चारी बाजूंना भिंती; अशा वेळी एक पर्याय निवडावा आणि संपूर्ण पटकथेत तोच पाळावा.

येथे ‘कथेतील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्टुडिओच्या छपराखाली उभारलेले जंगल हे पटकथेत ‘एक्स्ट. जंगल’ असेच राहते आणि मोकळ्या मैदानावर तीन भिंती उभ्या करून रचलेली खोली ‘इंट. खोली’ असते. दृश्य कोठे चित्रित करायचे हा निर्णय नंतरचा आणि इतरांचा आहे; लेखकाने कथेच्या जगाशी प्रामाणिक राहावे.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा, आणि खरा गोंधळ येथेच होतो. समजा, एक आई स्वयंपाकघरात उभी राहून खिडकीतून अंगणातल्या मुलाकडे पाहत आहे. आपणही तिच्याजवळ उभे राहून, खिडकीच्या चौकटीतूनच त्या मुलाला पाहत असू, तर दृश्य ‘इंट. स्वयंपाकघर – दिवस’ असेच राहते आणि मुलाचे खेळणे त्याच दृश्याच्या वर्णनात येते. आपण अंगणात मुलाशेजारी जाऊन त्याचे बोलणे ऐकू लागलो की नवे दृश्यशीर्षक हवे: ‘एक्स्ट. अंगण – दिवस’. आणि आपण अंगणातच थांबून काचेआडचा आईचा रडवेला चेहरा पाहत असू, तिचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोहोचत नसेल, तर आई घरात असूनही दृश्य ‘एक्स्ट.’ आहे, कारण प्रेक्षक बाहेर आहे. हा फरक केवळ तांत्रिक नाही. प्रेक्षकाला त्या दुःखाच्या आत घ्यायचे की काचेपलीकडे थांबवायचे, हे लेखक येथे ठरवत असतो, आणि म्हणून ही निवड घाईने करू नये असे मला मनापासून वाटते.

‘इंट./एक्स्ट.’ हा तिसरा पर्यायही आहे. गाडीतला चालक आणि खिडकीशी वाकून उभा असलेला हवालदार यांचे संभाषण, किंवा दारात उभ्या असलेल्या दोघांचे भांडण, अशा दृश्यांत कॅमेरा सतत आत-बाहेर करणार असेल तरच तो वापरावा. गाडीतल्या प्रवाशांचेच बोलणे असेल तर ‘इंट. धावती मोटार – रात्र’ पुरेसे आहे. मोटारसायकलवरचे बोलणे अर्थातच ‘एक्स्ट.’. भांडण खोलीत सुरू होऊन अंगणात गेले आणि पुढे तेथेच राहिले, तर जोडशीर्षक न लिहिता दोन स्वतंत्र दृश्ये करावीत आणि दुसऱ्याच्या शीर्षकात वेळेच्या जागी ‘सलग’ असे लिहावे. निर्णय घ्यायचा टाळण्यासाठी लिहिलेले जोडशीर्षक वेळापत्रक आखणाऱ्याला ताबडतोब ओळखू येते, कारण त्याला ते दृश्य कोणत्या पट्टीवर लिहावे हेच कळत नाही.

वेळेविषयी थोडेच सांगायचे आहे. ‘दिवस’ आणि ‘रात्र’ हे दोन शब्द बहुतेक ठिकाणी पुरतात. ‘संध्याकाळ’ किंवा ‘पहाट’ तेव्हाच लिहावी जेव्हा तो प्रकाश कथेला खरोखर हवा असतो, कारण बाह्यदृश्यात तो प्रकाश फार थोडा वेळ टिकतो आणि लांबलचक संवाद त्यात बसवणे अवघड जाते. खिडकी नसलेल्या खोलीतही वेळ लिहावी. प्रकाशासाठी नव्हे, तर पात्राचे कपडे, थकवा आणि आदल्या दृश्याशी असलेला धागा जुळावा म्हणून.

जागेचे नाव प्रत्येक वेळी अक्षरशः तेच ठेवावे. एकदा ‘आजीची खोली’ आणि पुढे ‘मागची खोली’ असे लिहिले तर त्या दोन वेगळ्या जागा मानल्या जातात, संगणकावरील यादीतही आणि वाचणाऱ्याच्या मनातही. घरातील निरनिराळ्या जागा असतील तर ‘इंट. आजीचे घर – स्वयंपाकघर – दिवस’ असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम सोयीचा पडतो.

इमारतीत जाण्यापूर्वी ती बाहेरून दाखवण्याची सवयही अनेकांना असते: आधी ‘एक्स्ट. रुग्णालय – दिवस’ अशी एक ओळ, मग ‘इंट. रुग्णालय – दिवस’. पलंग, सलाइन आणि परिचारिका दिसताच जागा आपोआप कळणार असेल, तर ती बाहेरची ओळ काढून टाकावी, कारण तिच्यासाठी सगळ्यांना साहित्यासह खाली उतरून रस्त्यावर उभे राहावे लागते. तीच ओळ राखून ठेवावी असा प्रसंग वेगळा असतो: मुलगा अर्धा तास फाटकाबाहेर घुटमळतो, आत जाण्याचा धीर त्याला होत नाही, आणि मगच तो पायरी चढतो. तेथे ‘एक्स्ट.’ हेच दृश्य असते आणि त्याला पुरेशी जागा द्यावी.