एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) लावली, पण मागचे स्पीकर गप्पच?

ऑप्टिकल वायरीतून एसएसीडीचा मल्टिचॅनल आवाज (प्रत्येक स्पीकरचा वेगळा) जातच नाही. जुन्या प्लेअरला एचडीएमआय नसेल तर प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत (स्पीकर ज्याला जोडतात ते यंत्र) सहा आरसीए वायरी लागतात. त्यासाठी महागडा ‘५.१’ वायरींचा सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) कशाला? टीव्हीच्या लाल-पांढऱ्या वायरींच्या तीन जोड्या पुरतात, त्याही आरसीएच.

१. पहिली जोडी पुढच्या स्पीकरांची, दुसरी मागच्या. तिसरीतली पांढरी सेंटरला (मधला स्पीकर), लाल सबवूफरला (खर्जाचा स्पीकर). दोन्ही टोकांवर नेलपॉलिशचे एक, दोन, तीन ठिपके द्या. (कागदी लेबलं आपल्याकडे पहिल्या पावसातच सुटतात.)
२. रिसीव्हरवर मल्टिचॅनल इनपुट निवडा.
३. स्पीकरचा आकार प्लेअरच्या मेनूत लावा. या इनपुटवर बरेच रिसीव्हर स्वतःचं सेटिंग वापरत नाहीत.

खाऱ्या हवेने पिना हिरवट होतात, गणपतीच्या साफसफाईत सुक्या फडक्याने पुसून घ्या. वायरी काढता-घालताना मात्र दोन्ही यंत्रं बंदच हवीत, नाहीतर धाडकन आवाज होऊन स्पीकर जायचा.